खोपोलीची बारमाही जत्रा

वाचकहो, जत्रा म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मी इथे बसून सांगतो. देवळाचा कळस, गुलाल-खोबरे, गोडीशेव आणि रेवड्यांची पाले, तमाशाचा तंबू, पलीकडे बैलबाजार, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर करकरत फिरणारा पाळणा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची जत्रा घ्या, नाही तर नांदेडकडची माळेगावच्या खंडोबाची घ्या. आपण पाळण्यात बसतो खरे, पण पाळण्यात बसायचे म्हणून घरून कुणी निघत नाही. देवाला म्हणून निघतो, खोंड बघायला म्हणून निघतो, लेकीला बांगड्या भरायला म्हणून निघतो. पाळणा आपला वाटेत लागतो.

आता अशी एक जत्रा मनात आणा, की जिथे देऊळ नाही, बाजार नाही, नुसते पाळणेच पाळणे आहेत. ती पंधरा दिवसांनी पाले गुंडाळून पुढच्या गावाला जात नाही. बारा महिने एका जागी बसून आहे. वेशीवर एकदाच पैसे मोजायचे आणि दिवसभर हवे त्या पाळण्यात बसायचे. शहरची माणसे तिला थीम पार्क म्हणतात. अशी एक जत्रा खोपोलीजवळ आहे, तिचे नाव इमॅजिका. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र तिथे एक अख्खा दिवस काढून आलो. परत आल्यावर गावात निदान वीस जणांनी विचारले, "तिथं तुमचं काय काम होतं?" काम काहीच नव्हते. काम नसताना चार बापये दोनशे किलोमीटर कशाला गेले, ते सांगायला हा लेख.

तुमच्यापैकी ज्यांनी अष्टविनायक केले आहेत, त्यांची गाडी या जागेजवळून नक्की गेली आहे. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक आणि पुढे सुधागडात पालीचा बल्लाळेश्वर. खोपोलीहून पालीला जाणारा जो रस्ता आहे, त्याच रस्त्यावर सांगडेवाडीला हे उद्यान आहे. मागे सह्याद्रीची उभी भिंत, पुढे भातखाचरे. २०१३ साली ते सुरू झाले. उभारणारे मनमोहन शेट्टी हे सिनेमाच्या धंद्यातले. 'अर्धसत्य' हा १९८३ सालचा गाजलेला चित्रपट काढणाऱ्यांपैकी ते एक. त्याआधी आपल्याकडे अशा करमणुकीचे मोठे नाव म्हणजे मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ सालचे. टीव्हीवर त्याची जाहिरात पाहून कितीतरी पोरांनी घरात हट्ट धरला असेल. २०२२ साली ते बंद झाले, आणि तो हट्ट आता खोपोलीच्या वाट्याला आला आहे.

आम्ही चौघे एका हायस्कुलात दहावीपर्यंत मागच्या बाकावर बसलेलो. एक वाशीच्या बाजारात माथाडी, एक एस.टी.त कंडक्टर, एक डाळिंबवाला, आणि मी चार गाईंचा धनी. गेल्या पाच वर्षांत आम्ही चौघे एकत्र जमलो ते तीन वेळा. दोन लग्ने आणि एक दहावा. तुमचेही असेच असेल. आपल्याकडे मित्राला भेटायला कुणाचे तरी लग्न निघावे लागते, नाही तर कुणी तरी जावे लागते.

डाळिंबवाल्याच्या बागेवर तेल्या आला होता. तेल्या म्हणजे काय ते डाळिंब लावणाऱ्याला सांगायला नको. फळावर तेलकट काळे डाग, मग फळ उलते आणि माल उकिरड्यावर. दोन हंगाम त्याने फवारण्या केल्या आणि तिसऱ्या पावसाळ्यात बाग काढून टाकली. तेव्हापासून गडी बोलेनासा झाला. भांडण नाही, दारू नाही. नुसता बांधावर बसून राही. त्याच्या घरच्यांनी आमच्या घरी सांगितले, माझ्याकडून ते माथाड्याला कळले. माथाडी म्हणाला, "माझी पोरं इमॅजिकाला जाऊन आली. आपण जाऊ." बागेचा विषय त्यानेही काढला नाही आणि आम्हीही नाही.

शेतकऱ्याच्या सहलीत तिकीट आणि गाडी या मागच्या गोष्टी. पहिला प्रश्न दावणीचा. सकाळ-संध्याकाळची धार कुणाच्या हाती, वैरण कोण टाकील, रात्रीची लाईट आली तर मोटर कोण चालू करील, एवढे ठरले की अर्धी सहल झाली. माझा पुतण्या तयार झाला. मग एका मित्राची जीप घेऊन आम्ही तिघे रात्री तीनला निघालो. माथाडी वाशीहून परस्पर येणार होता.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. माथाड्याने हे आधीच फोनवर सांगितले होते, म्हणून आम्ही फाटक उघडण्याआधी गाडीतळावरच फडके सोडले. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोरडे पिठले, कांदा. भाकरी खाऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आतल्या दुपारच्या जेवणाचा भाव फारसा टोचत नाही.

आत गेलो आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. सगळीकडे पोरे, कॉलेजातली मुले-मुली, नवी लग्ने झालेली जोडपी. पन्नाशीकडे झुकलेले, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेले चार बापये बरोबर एकही पोर नसताना कशाला आले, असे लोक म्हणतील की काय? कुणी काही म्हटले नाही. कुणाचे आमच्याकडे लक्षसुद्धा नव्हते. गावात आपण कुठेही उभे राहिलो तरी अमक्याचा मुलगा, तमक्याचा जावई असतो. इथे आम्ही कुणाचेच कुणी नव्हतो. हे ओझे उतरले, की किती होते ते कळते.

सगळ्यांत मोठा पाळणा म्हणजे निट्रो. पाळणा म्हणायची आपली पद्धत. खरे तर ती रुळांवरची गाडी आहे. इंग्रजीत रोलर कोस्टर. रुळाचा सर्वांत उंच माथा सुमारे १३० फूट. आपल्या गावच्या पाण्याच्या दोन टाक्या एकावर एक ठेवल्यासारखे. गाडीला तळ नाही. बसलात की पाय अधांतरी लोंबतात. वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो आणि वाटेत पाच वेळा तुम्ही डोके खाली, पाय वर होता. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा आमचा माथाडी गडी खालूनच वर पाहून म्हणाला, "तुम्ही जा. मी चपला सांभाळतो." आणि शेवटपर्यंत त्याने चपलाच सांभाळल्या.

आता गंमत बघा. या गाडीला इंजिन नाही. ज्यांनी मोट हाकली आहे किंवा निदान पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. भरलेली मोट वर यायला बैलांची ताकद लागते, पण रिकामी मोट विहिरीत जायला कुणी लागत नाही. ती आपल्या वजनानेच जाते. तसेच इथे एक साखळी गाडीला माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा खेळ त्या उंचीच्या जोरावर. खोपोली गावातून डोंगराच्या अंगावर जाड नळ उतरलेले दिसतात, ते हेच काम करतात. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्या नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ सालापासून इथे वीज काढली. घाटावरचे पाणी आणि माथ्यावरची गाडी, दोघांची ताकद उंचीत साठवलेली.

उलटे झाल्यावर माणूस पडत कसा नाही? गोफण फिरवताना खडा पडतो का? पाण्याची बादली हाताने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तसेच. शिवाय खांद्यावरून छातीवर येणारे जाड कडे असते. ते बसले की तिथला मुलगा प्रत्येकाचे हाताने ओढून बघतो. चाकेही आपल्या बैलगाडीसारखी नुसती वरून टेकलेली नसतात. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून एक अशी ती रुळाला धरून असतात; गाडी उधळली तरी रूळ सोडून जायला जागा नाही. हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की जत्रेतल्या पाळण्यात पोराला बसवण्याआधी तुम्हीही चार गोष्टी बघा. दांडी नीट बसते का, बोल्ट-पिना जागेवर आहेत का, पाळणा टेकवलेली जमीन भुसभुशीत तर नाही ना. पोर रडेल, रडू द्या.

निट्रोला रांग होती. तासभर तरी असेल. तुम्हाला वाटेल, पैसे देऊन रांगेत कशाला उभे राहायचे! पण दिवसभरातली महत्त्वाची घटना घडली ती त्या रांगेत. आम्ही तिघे लोखंडी गजांच्या मधून पाऊल पाऊल सरकत होतो. पुढे जाता येत नव्हते, मागे फिरता येत नव्हते, करायला काम नव्हते. अशा वेळी माणूस बोलतो. डाळिंबवाला अचानक म्हणाला, "सातशे झाडं होती. जेसीबीवाल्यानं दुपारच्या भाकरीपर्यंत काढली."

आम्ही गप्प राहिलो. तो पुढे बोलत गेला. रोपे कशी आणली, पहिल्या वर्षी हंडे वाहून पाणी कसे घातले, पहिल्या तोड्याच्या पैशात न्हाणीघर कसे बांधले. बाग काढली त्या दिवशी बायको रानात आलीच नाही. जेसीबीवाला परका पोरगा, तो सारखा विचारत होता, "काका, नक्की ना?" कंडक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो रांग संपेपर्यंत काढला नाही. त्याने उपदेश केला नाही. तिकिटे फाडण्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाला लोकांचे ऐकून घेण्याची सवय असते.

मग आमची पाळी आली. एका ओळीत चार जागा. आम्ही तिघे आणि चौथी एक कॉलेजातली मुलगी. आमची तोंडे पाहून ती म्हणाली, "काका, डोळे उघडे ठेवा, म्हणजे भीती वाटत नाही." पायाखालची फळी सरकली, साखळी खडखडत वर नेऊ लागली. माथ्यावरून समोर सह्याद्रीचे कडे आणि खाली पिवळी पडलेली खाचरे क्षणभर दिसली. पुढचे मला नीट सांगता येणार नाही. पोट घशाशी आले, आभाळ खाली गेले, एवढेच आठवते. पण डाळिंबवाल्याचे ओरडणे मात्र स्वच्छ आठवते. त्याने तेल्याला, औषधाच्या दुकानदाराला, व्यापाऱ्याला आणि पावसाला ज्या शिव्या घातल्या, त्या या पानावर छापता येणार नाहीत. शेजारची मुलगीही किंचाळत होती, आख्खी गाडी किंचाळत होती. त्यात त्याचे ओरडणे कुणाच्या कानी आले नाही. आले असते तरी इथे ते वावगे नव्हते.

आपल्या रानात माणूस असा मोठ्याने ओरडला तर काय होते? पाच मिनिटांत पाच शेजारी धावतात आणि संध्याकाळपर्यंत देवऋषी येतो. म्हणून तर आपण ओरडत नाही.

खाली उतरलो तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. वाऱ्याने, असे तो म्हणाला. "पुन्हा बसू?" असेही त्यानेच विचारले.

बाकीचे खेळ झटपट सांगतो. एक मोठा लंबक आहे, घड्याळाच्या लोलकासारखा झोके घेतो आणि वर फिरतोही. भुताटकीचा वाडा आहे, त्यात माथाडी सर्वांत पुढे होता, कारण तिथे जमिनीवर चालायचे होते. 'आय फॉर इंडिया' या खेळात खुर्च्या एका भल्या मोठ्या पडद्यापुढे उचलल्या जातात आणि विमानातून पाहावा तसा आपला देश पायाखालून जातो. आमचा कंडक्टर बाहेर येऊन म्हणाला, "जन्मभर गाडीत उभा राहिलो. बसून मुलूख बघायला आज मिळाला."

पण एका खेळावर थांबायलाच हवे, कारण त्याचा आपल्या मातीशी संबंध आहे. राजासोरस नावाच्या अवाढव्य सरड्याच्या जगातून एक होडी जाते आणि शेवटी धबधब्यासारखी खाली आपटून सगळ्यांना भिजवते. हे नाव विलायतेतून आलेले नाही. गुजरातेत राहिओली गावाजवळ १९८० नंतरच्या काही वर्षांत भारतीय भूवैज्ञानिकांनी हाडे खणून काढली, आणि २००३ साली अभ्यासकांनी या प्राण्याचे नाव ठेवले राजासोरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेकडचा सरडेराजा. अंगाने वीस फुटांच्या वर, मांसाहारी. काळ साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच काळाच्या अखेरीस आपल्या दख्खनेत जमीन फाटून लाव्हा पसरला, थरावर थर बसले, आणि तो काळा दगड झिजून तुमच्या-माझ्या रानाची काळी माती झाली. कपाशीच्या काळ्या जमिनीत कुदळ घालाल तेव्हा आठवा, ही माती जिच्यापासून झाली ती आग या सरड्यांनी पाहिली असेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती त्या होडीत सांगत नाहीत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनोसॉरांची हाडे सापडली आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेही सापडले. शास्त्रज्ञांनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा २००५ साली जाहीर झाले, की त्यात गवताचे अंश आहेत. तोवर समज असा होता की गवत डायनोसॉरांच्या नंतरचे. पुढे त्यातच भाताच्या कुळातल्या गवताच्याही खुणा सापडल्या. मी हे भिजलेल्या कपड्यांनी बाकावर बसून मित्रांना सांगितले, तेव्हा डाळिंबवाला म्हणाला, "म्हंजे शेणात हात घालून शोध लागतात. मग आपलं काय चुकलं?" गेल्या चार महिन्यांत त्याने केलेला हा पहिला विनोद.

दुपारी आम्ही काही केले नाही. झाडाच्या सावलीला एक बाक धरला आणि चहा घेऊन बसून राहिलो. समोर फिरते घोडे होते, चक्राकार. त्यावर नऊवारीतली एक आजी बसली होती, नातवापेक्षा घट्ट दांडा धरून. घोडा वर जाई तशी ती पदर सावरी आणि हसे. तिच्या सुना बाहेर उभ्या राहून फोटो काढत होत्या. वाचक भगिनींनो, तुम्ही गेलात तर मोठ्या खेळांना पदर घट्ट खोचा, चष्मा आणि मंगळसूत्र सांभाळा, चपला सुटतील अशा घालू नका. पण बसा मात्र. पोरांना बसवून तुम्ही पिशव्या धरून उभ्या राहता, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. पिशव्या धरायला घरधन्याला सांगा. आमच्या माथाड्याने दिवसभर तेच केले आणि त्याचे काही बिघडले नाही.

बसल्या बसल्या या उद्यानाचा धंदा कसा चालतो यावर बोलणे निघाले. २०१४ साली त्यांनी पाण्याचे वेगळे उद्यान काढले, पुढे बर्फाचे काढले. पण कर्ज वाढत गेले. २०२० साली करोनात सगळेच बंद. शेवटी बँकांशी तडजोड होऊन २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतले. मालपाणी म्हणजे गाय छापवाले, हे सांगितल्यावर कंडक्टरचा हात आपोआप खिशाकडे गेला. आत तंबाखू चालत नाही याची माथाड्याने त्याला आठवण दिली. डाळिंबवाला मात्र बराच वेळ त्या उंच रुळांकडे पाहत होता. "म्हणजे यांचंपण थकलं होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आन् चालू हाय."

नगर-नाशिककडच्या मंडळींना खोपोली लांब पडत असेल, तर याच समूहाचे पाण्याचे उद्यान शिर्डीत आहे. साईबाबांचे दर्शन आणि पोरांचे डुंबणे एका फेरीत होते. खोपोलीला जायचे तर सुगी उरकल्यावरचे थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात कोकणपट्टीचा पाऊस काय असतो ते ठाऊक आहेच, आणि जोराच्या पावसात मोठे खेळ थांबवावे लागतात. रविवार आणि सणाची सुट्टी टाळा. तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो, म्हणून आधी फोन करून विचारा आणि गट असेल तर तसे सांगा. पोरांची उंची घरीच मोजून न्या; प्रत्येक खेळापाशी उंचीची खूण असते, आणि दोन बोटांनी कमी भरलेल्या पोराचे रडे दिवसभर पुरते. हृदयाचा, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी मोठ्या खेळांच्या वाटेला जाऊ नये. रेल्वेने येणाऱ्यांना कर्जतहून खोपोलीची लोकल आहे.

संध्याकाळी दिवे लागले, वाजंत्री निघाली, नाचणारी सोंगे रस्त्यावरून गेली. आमची ती पाहायची वेळ नव्हती. लांब जायचे होते. माथाडी फाटकापाशीच वाशीच्या गाडीत बसला. जाताना त्याने डाळिंबवाल्याच्या हातात एक पिशवी दिली. आत पोरांसाठी दोन टोप्या होत्या, सरड्याचे चित्र असलेल्या.

आम्ही द्रुतगती मार्ग सोडून जुन्या बोरघाटाने वर चढलो. वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. लोक सांगतात, इंग्रजांना या डोंगरातून वाट सापडेना, ती शिंगरोबा धनगराने आपल्या गुरांच्या वाटेवरून दाखवली आणि तिच्यापायी जीव गमावला. आजही ड्रायव्हर इथे नाणे वाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. डाळिंबवाल्याने गाडी थांबवायला लावली, खाली उतरला, नाणे ठेवले आणि परत येऊन पुढच्या सीटवर बसला. खंडाळ्यापर्यंत तो मला शेवग्याबद्दल विचारत होता. रोप कोणत्या भावाने पडते, पाणी किती लागते, पाखरांचा त्रास किती. मागे कंडक्टर घोरत होता.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. पुतण्या गोठ्यातच बाजेवर झोपला होता. कोपऱ्यातल्या गाईने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा रवंथ करू लागली.